फडक्याचे चरे

बाबा रोज सकाळी साडेसहाला गाडी पुसतात. 2013 च्या गुढीपाडव्याला आमची गडद निळी स्विफ्ट घरी आली, तेव्हापासून हा नेम चुकलेला नाही. आधी झटकणीनं धूळ उडवायची, मग जुन्या बनियनचा फडका पाण्यात पिळून बॉनेटपासून डिकीपर्यंत गोल गोल फिरवायचा. पाणी पार्किंगमधल्या बादलीतलं. स्वयंपाकघरातल्या आरओचं वाया जाणारं पाणी आई साठवून ठेवते, तेच ते. कोथरूडमध्ये उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, त्यामुळे गाडीसाठी नळाचं पाणी वापरणं आमच्या घरात कुणाला पटत नाही.

गाडी स्वच्छ होती. तरीही गेल्या काही वर्षांत ती जुनाट, धुरकट दिसायला लागली होती. एका रात्री पेट्रोल पंपावर उभी असताना वरच्या एलईडी दिव्यांचा झोत बॉनेटवर पडला आणि मला ते पहिल्यांदा नीट दिसलं. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक चऱ्यांचं जाळं, कोळ्यानं विणल्यासारखं. मी दोन पावलं सरकले तर जाळंही दिव्याबरोबर सरकलं. निळ्या रंगातले चमचमणारे कण त्याच्याखाली बुडून गेले होते.

हे जाळं सगळ्यांच्या घरात असतं. स्टीलचं ताट दिव्याखाली धरून बघा. घासणीच्या रेघा आडव्या-उभ्या कशाही पडलेल्या असल्या तरी दिव्याभोवती वर्तुळंच दिसतात, कारण ज्या रेघा उजेडाच्या दिशेला आडव्या असतात तेवढ्याच आपल्याकडे चमकतात. गाडीचंही तसंच. पूर्ण पत्र्यावर हजारो चरे सगळ्या दिशांनी पडलेले असतात, डोळ्याला मात्र दिव्याभोवतीचं रिंगण तेवढं दिसतं.

दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजात आम्ही ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतलं होतं. गाडी आरशासारखी परत आली, बाबा खूश झाले. तीन-चार धुण्यांनंतर सगळे चरे जागच्या जागी हजर. तेव्हा मला वाटलं, नवे पडले. नंतर कळलं की काही पॉलिशांत तेलं आणि भरावाची द्रव्यं असतात. ती चऱ्यांत बसतात, उजेड विखुरला जात नाही, आणि धुण्याबरोबर ती निघून गेली की चरे पुन्हा उघडे पडतात. चरा खरोखर घालवायचा तर त्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत उतरवावा लागतो. दुसरा मार्ग नाही.

इथेच माझी झोप उडाली. गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. आपले पेंटर मिस्त्री त्याला लॅकर म्हणतात. कारखान्यातून आलेला हा सगळा डोलारा मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्यातलं लॅकर 35 ते 50. माणसाचा केस जवळपास 70 मायक्रॉनचा. म्हणजे जे काही घासायचं ते एका केसाच्या निम्म्या जाडीतून, आणि एकदा गेलेलं लॅकर परत येत नाही. हे काम घरीच करायचं ठरवलं होतं, पण पॉलिशचं मशीन मागवण्याआधी मी आठवडाभर हा एकच विचार करत होते.

मामेभावाचा जुन्या गाड्यांचा व्यवसाय आहे. गाडी कुठे ठोकून पुन्हा रंगवली आहे का, हे बघायला त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं. ते मी चार दिवसांसाठी आणलं. बॉनेट 108 ते 115, छत 100 च्या आसपास, तीन दरवाजे 110 च्या जवळ. डावा मागचा दरवाजा एकदम 260. तो एकदा रंगवून घेतला होता हे आम्ही सगळे विसरलो होतो, यंत्रानं आठवण करून दिली. यंत्राला एक मर्यादा असते. ते पूर्ण जाडी सांगतं, त्यात लॅकर किती आणि खालचं किती हे वेगळं करून सांगत नाही. आणि ते पत्र्यावर चालतं, प्लॅस्टिकच्या बंपरवर नाही. ही दुसरी गोष्ट मी वहीत लिहून ठेवली आणि पुढे त्याच ठिकाणी चुकले. ते येईलच.

2024 चा दसरा 12 ऑक्टोबरला होता. त्याआधी काम संपवायचं असं मी ठरवलं. 25 सप्टेंबरला पुण्यात धो धो पाऊस झाला. त्या चिखलातून आलेल्या गाडीपासून, 28 तारखेच्या शनिवारी, सुरुवात केली.

धुण्याला मी अख्खी सकाळ दिली. त्या वेळी ते जरा जास्त वाटलं, आज वाटतं की सगळ्या कामाचं मर्म तिथेच होतं. बोहरी आळीतून दोन मोठ्या बादल्या आणल्या होत्या. एकीत गाडीचा शांपू, दुसरीत नुसतं पाणी. आधी पाइपनं भरपूर पाणी मारून सुटा चिखल वाहून जाऊ द्यायचा, हात लावायचा नाही. मग मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूत बुडवून एक भाग वरून खाली सरळ धुवायचा आणि परत शांपूत घालण्याआधी साध्या पाण्यात खळखळून काढायचा. पहिल्याच दरवाजानंतर साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी बारीक वाळू साचली. हात घालून चिमटीत घेतली तर ती कचकचत होती. बनियनच्या फडक्याबरोबर अकरा वर्षं बॉनेटवर काय फिरत होतं ते माझ्या बोटांत होतं.

धुऊन वाळवल्यावरही काचेवर आणि छतावर पांढरट ठिपके राहिले. हे आरओच्या पाण्याचं काम. आरओ गाळतो ते पाणी आपण पितो, आणि अडवलेले सगळे क्षार वाया जाणाऱ्या पाण्यात जातात. म्हणजे ते पाणी नळाच्या पाण्याहून जास्त जड. उन्हात थेंब सुकला की कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर मागे राहतो आणि बराच काळ राहिला तर लॅकरमध्ये रुततो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन, मिनिटभर ओला कपडा ठेवून लगेच धुतलं तेव्हा बरेचसे ठिपके निघाले. छतावरचे काही रुतलेले तसेच राहिले. आईला सांगितलं, आरओचं पाणी फरशीला चालेल, झाडांना जपून, गाडीला अजिबात नको.

मग क्ले बार. हे मळलेल्या कणकेसारखं असतं. आधी हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून मी बॉनेटवर बोटं फिरवली. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून रव्यासारखा खरखरीत लागला. ब्रेकच्या धुळीतले लोखंडाचे कण, झाडाचा चीक, डांबराचे शिंतोडे, हे सगळं रंगाला चिकटून बसलेलं असतं आणि शांपूनं जात नाही. आधी लोखंड काढणारा फवारा मारला. दोन मिनिटांत मागच्या चाकांभोवतीच्या पत्र्यावरून जांभळे ओघळ उतरले. मग शांपूच्या पाण्यानं पत्रा निसरडा ठेवत क्लेचा चपटा तुकडा हलक्या हातानं सरळ रेघेत फिरवला. सुरुवातीला तो अडखळतो, आवाज करतो, आणि मग एकदम लोण्यावरून सरकल्यासारखा सरकायला लागतो. दर थोड्या वेळानं त्याची घडी घालून स्वच्छ बाजू वर काढायची. एकदा तुकडा हातातून फरशीवर पडला. तो मी सरळ टाकून दिला. त्यात रुतलेली खडी धुऊन निघत नाही.

रविवारी बॉनेटचा दीड फुटी चौकोन मास्किंग टेपनं आखून घेतला. मशीन ड्युअल अ‍ॅक्शनचं, 15 मिलिमीटर फेकीचं. गॅरेजात असतं ते रोटरी एकाच आसाभोवती गरगर फिरतं, पटकन कापतं आणि तितक्याच पटकन तापवतं. ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी डगमगत एक छोटं वर्तुळही घेतो (त्या वर्तुळाची रुंदी म्हणजे फेक), त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यानं रोटरीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चाचणीचा नियम असा की सगळ्यात सौम्य जोडीनं सुरुवात करायची. मऊ फोमचा पॅड आणि मेग्वायर्स कंपनीचं फिनिशिंग पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब घेतले, मशीन बंद असतानाच ते पत्र्यावर टेकवून पसरले, कमी वेगावर एकदा फिरवलं आणि मग वेग वाढवून आडव्या-उभ्या चार फेऱ्या मारल्या. हात अगदी सावकाश, सेकंदाला इंचभर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवून. पॅडमागच्या चकतीवर मी मार्करनं एक रेघ ओढली होती. रेघ फिरताना दिसली पाहिजे. दाब जास्त झाला की पॅडचं फिरणं थांबतं आणि तो नुसता थरथरतो, मग काम होत नाही.

पुसून टॉर्च मारला. जाळं विरळ झालं होतं, गेलं नव्हतं. मग थोडा कडक पॅड आणि कटिंग कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं पॉलिश, घेऊन पुन्हा चार फेऱ्या, त्यावर मऊ पॅडनं फिनिशिंग. या वेळी पुसल्यावर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग पाणी फवारून पुन्हा पुसलं. पॉलिशचं तेल निघून गेल्यावर जे उरतं तेच खरं. त्या गॅरेजच्या अनुभवानंतर ही पायरी मी एकदाही गाळली नाही.

टेप काढली. चौकोनाच्या आत निळा रंग खोल झाला होता, कण एकेक वेगळे दिसत होते, टॉर्चचा दिवा एका ठिपक्यासारखा स्वच्छ उमटत होता. टेपच्या रेघेपलीकडे तेच जुनं धुकं.

नेमके तेव्हा बाबा चहा घेऊन खाली आले. कप छतावर ठेवणार होते, मी हातात घेतला. ते त्या चौकोनापाशी वाकले, चष्मा वर केला, बोट फिरवलं.

“हे बाकीचं कशानं झालं होतं गं?”

मी टाळू शकले असते. झाडाखाली उभी असते, पाऊस लागतो, वय झालं, असं काहीही म्हणता आलं असतं. पण मग दसऱ्यानंतर पुन्हा तेच सुरू झालं असतं. मी त्यांना बादलीच्या तळाची वाळू दाखवली. धूळ म्हणजे बारीक दगडच, आणि थोड्याशा पाण्यातला फडका तो दगड उचलत नाही, ओढत नेतो, असं सांगितलं. झटकणीचंही सांगितलं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. खांबाच्या खिळ्याला बनियनचा फडका वाळत घातलेला होता, तो काढून त्यांनी हातावर पसरला, उलटा-सुलटा करून पाहिला. “मी तर मऊ म्हणून बनियन घेत होतो,” एवढंच म्हणाले आणि वर गेले. मला वाईट वाटलं. अकरा वर्षं त्यांनी जे केलं ते माझ्या शाळेच्या बुटांना ब्रश मारण्यासारखंच होतं. एकाही दिवशी त्यांनी मला घाण गाडीत बसवलं नाही.

2 ऑक्टोबरला गांधी जयंतीची सुट्टी होती. मी सकाळी पुन्हा गाडी धुतली, कारण दोन-तीन दिवसांची धूळ बसलेल्या पत्र्यावर मशीन लावणं म्हणजे तीच चूक नव्यानं करणं. बाबा खाली आले आणि विचारल्याशिवाय एक मायक्रोफायबर उचलून घेतला. त्यानंतर सगळं काम आम्ही दोघांनी केलं. मी मशीन धरायचे, ते पुसायचे आणि टॉर्च मारून बघायचे. कपड्याची घडी घालून आठ स्वच्छ बाजू करायची युक्ती मी एकदाच दाखवली. ती त्यांनी माझ्याहून नीट पाळली. फरशीला टेकलेला कपडा ते लगेच बाजूला टाकायचे. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशनं झाडून घ्यायचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं. उतरलेलं लॅकर आणि सुकलेलं कंपाउंड पॅडमध्ये साठलं की तो कापायचा थांबतो आणि नवेच धुरकट डाग पाडतो.

बॉनेटचे आठ चौकोन झाले, छताचे नऊ. दुपारी पत्रा हाताला कोमट लागायला लागला तेव्हा थांबलो. 5 तारखेला दरवाजे घेतले. रबराच्या पट्ट्यांवर आणि दारांच्या हँडलांभोवती टेप लावायचा मला कंटाळा आला होता. बाबांनी बसून सगळीकडे लावला, त्यामुळे काळ्या रबरावर कंपाउंडचे पांढरे डाग पडले नाहीत. चालकाच्या हँडलमागच्या खोबणीत बाबांच्या अंगठीचे चरे आहेत. तिथे नखाची कड फिरवली तर नख अडकतं. नख अडकलं की चरा पॉलिशच्या आवाक्याबाहेरचा. ते चरे तसेच ठेवले. छतावरचे रुतलेले ठिपकेही निम्मेच उतरवले. आणखी दोन फेऱ्यांत ते गेले असते, पण छतावर दिवसभर ऊन पडतं आणि त्या उन्हापासून रंगाला वाचवणारं लॅकरच. तिथे हावरटपणा करायचा नाही असं आमचं दोघांचं ठरलं.

आणि मग 6 तारखेच्या रविवारी संध्याकाळी, शेवटचा भाग म्हणून, मागचा बंपर. 2019 मध्ये पार्किंगच्या खांबाला घासून त्याचा उजवा कोपरा खरवडला होता आणि बाहेर रंगवून घेतला होता. मला ते आठवत होतं. वहीत लिहिलेलंही होतं की यंत्र प्लॅस्टिकवर चालत नाही, म्हणजे तिथे लॅकर किती हे मला ठाऊक नाही. तरी नऊ दिवस सगळं नीट झाल्याच्या भरात मी तोच कडक पॅड, तेच कंपाउंड आणि तोच वेग ठेवला. कडेला टेपही लावला नाही. तिसऱ्या फेरीला पॅडच्या पांढऱ्या कडेवर निळी झाक आली. बाबांनी “थांब, थांब” म्हणेपर्यंत मी आणखी एकदा कोपऱ्यावरून गेले होते.

लॅकर शाबूत असलेल्या रंगावर पॅडला निळं लागत नाही. निळं लागलं याचा अर्थ मी लॅकर ओलांडून रंगात शिरले होते. पुसल्यावर कोपऱ्यावर पाच रुपयांच्या नाण्याएवढा भाग निस्तेज, मॅट दिसत होता. माझे हात गार पडले. बाबांनी मशीनचा प्लग काढला, वायर गुंडाळली आणि म्हणाले, “उद्या बघू. जेवायला चल.”

मंगळवारी पेंटर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि मला रागावले नाहीत. “ताई, कडेवर लॅकर थांबत नाही. ओलं असताना ते कडेपासून मागे सरतं, म्हणून कड कायम पातळ. आणि प्लॅस्टिक पत्र्यासारखी गर्मी सोडत नाही, तापतं आणि रंग मऊ होतो. कोपऱ्यावर मशीन नको, हातानं करा, नाहीतर सोडून द्या.” त्यांनी बंपरचा तो भाग बॉडी लाइनच्या घडीपर्यंत बारीक सँडपेपरनं पाण्यात घासला, बेस मारला, त्यावर लॅकरचे दोन हात दिले. 1,800 रुपये झाले. निघताना बजावलं, “महिनाभर या भागाला वॅक्स लावू नका. नवं लॅकर आतून सुकायचं असतं.”

खर्चाचं खरं सांगते. मशीन, पॅड, कंपाउंड, कपडे, बादल्या धरून अकरा हजारांच्या वर गेले, शिवाय मिस्त्रींचे 1,800 वेगळे. गाड्या चकाचक करून देणाऱ्या एका स्टुडिओत हेच काम 9,000 ला सांगितलं होतं. एका गाडीसाठी, एकदाच, पैसे वाचवायला म्हणून कुणी हे करू नये. मला मात्र त्या 9,000 मध्ये बादलीच्या तळाची वाळू कुणी दाखवली नसती.

11 तारखेला संध्याकाळी, खंडेनवमीला, धुऊन वाळवलेल्या गाडीवर कार्नोबा वॅक्स चढवलं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर हे मेण येतं. बोटाएवढं घेऊन इतकं पातळ पसरायचं की लावलंय की नाही अशी शंका यावी. पुसून काढायचं काम बाबांचं. बंपर तेवढा कोरा ठेवला. महिना-दीड महिन्यात हे मेण उतरतं, पुन्हा लावावं लागतं. सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे मेणाऐवजी लावायच्या कडक थराबद्दल, सगळे विचारतात. ते जास्त टिकतं, पण वाळूनं कचकचणाऱ्या फडक्यानं पडणारे चरे तेही थांबवत नाही, म्हणून आम्ही घाई केलेली नाही.

दसऱ्याला झेंडूचं तोरण बाबांनी दरवर्षीसारखं बॉनेटवर आडवं न बांधता ग्रिलला बांधलं. त्याची तार आत वळवली, वर सुती दोरा गुंडाळला. हळद-कुंकू बॉनेटऐवजी नंबर प्लेटला लावलं. पूजा झाल्यावर गाडी उन्हात काढली, तेव्हा समोरच्या इमारतीच्या खिडक्या दरवाजावर सरळ रेषेत उमटल्या होत्या. आई पदर सावरत त्यात बघत उभी राहिली.

आता आठवड्यातून एकदा, रविवारी, दोन बादल्या खाली जातात. मधल्या दिवसांत धूळ बसली तर बसू द्यायची, हे बाबांना पहिले पंधरा दिवस फार जड गेलं. साडेसहाला ते खाली जायचे, गाडीभोवती एक चक्कर मारायचे, हात मागे बांधून. एका सकाळी मी गॅलरीतून पाहिलं तर ते खाली बसून त्याच बनियनच्या फडक्यानं टायर पुसत होते, एकेक करून चारही.